आवाज मोठा आहे, मग वाजवणं मोठं करा

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

  हातातलं काम थांबवू नका. काम करता करता ऐका.

एरवी मी तुमच्याशी बोलते ते कर्जाचे हप्ते, नोंदवही, शेळीपालन, बँकेची कागदपत्रं यावर. आज विषय जरा वेगळा आहे. आज मी एका गाणाऱ्या बाईची गोष्ट सांगणार आहे. ती आपल्या तालुक्यातली नाही, आपल्या देशातलीही नाही. ती फिनलंडची. तिचं नाव तार्या तुरुनेन. ती ऑपेराचं रीतसर शिक्षण घेतलेली गायिका आहे, आणि ते शिक्षण घेऊन ती हेवी मेटल नावाच्या, कानठळ्या बसवणाऱ्या संगीतात गेली. ऑपेरा म्हणजे काय आणि मेटल म्हणजे काय, ते मी पुढे सांगतेच.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्या गटाशी काय संबंध? दोन गोष्टींचा संबंध आहे. एक म्हणजे, बाईचा आवाज मोठा असला तर सोबतच्या माणसांनी काय करावं? आणि दुसरी, चार जणांनी मिळून उभं केलेल्या गटातून एखादी बाहेर पडली, किंवा तिला बाहेर काढलं, तर तिच्याजवळ काय उरतं? हे दोन्ही प्रश्न आपल्या बैठकीत दर काही महिन्यांनी येतात. म्हणून ही गोष्ट.

आधी तिचा मुलूख सांगते. फिनलंड हा युरोपच्या उत्तरेकडचा देश. लोकसंख्या साधारण ५६ लाख, म्हणजे आपल्या एका मोठ्या जिल्ह्याएवढी. सगळीकडे जंगल आणि तळी. हिवाळ्यात दिवस अगदी लहान, बर्फ महिनोन्‌महिने. या देशाची एक गोष्ट आपण बायकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. युरोपात बायकांना देशाच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क सगळ्यात आधी इथे मिळाला, १९०६ साली. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, तिथल्या २०० जागांच्या संसदेत १९ बायका निवडून आल्या.

या देशाच्या पूर्वेला, रशियाच्या हद्दीजवळ, किते नावाचं एक छोटं गाव आहे. भाग कारेलियाचा. जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्या जशा ओव्या गायच्या, तशी लोकगीतं गाणाऱ्या बायका त्या मुलखातही होत्या. त्यांच्याकडून ऐकलेली कितीतरी गाणी १८४० मध्ये ‘कांतेलेतार’ नावाच्या संग्रहात छापली गेली. म्हणजे बाईच्या गळ्यातलं गाणं त्या मातीला नवं नव्हतं.

या किते गावच्या परिसरात १९७७ च्या ऑगस्ट महिन्यात तार्याचा जन्म झाला. अगदी तीन वर्षांची असताना ती चर्चच्या सभागृहात पहिल्यांदा लोकांसमोर गायली. सहाव्या वर्षी पियानो शिकायला लागली. शाळेत कार्यक्रम असला की हिला पुढे करायचे. आता हे सगळ्यांना आवडतं असं थोडंच आहे? वर्गातल्या काही मुलींनी तिला छळलं, टोमणे मारले. ती बुजरी झाली. पण गाणं सोडलं नाही. गावातल्या संगीतशिक्षकांनी तिचा आवाज ओळखला आणि तो घडवायला मदत केली.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. फिनलंडमध्ये सरकारी मदतीवर चालणाऱ्या संगीतशाळा लहान-लहान गावांतही आहेत. शिक्षण शहरात आणि हुशारी गावात, असं झालं की हुशारी तशीच वाळून जाते. आपल्याकडे किती पोरींचं असं होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

अठराव्या वर्षी तार्या घर सोडून कुओपिओ नावाच्या शहरात शिकायला गेली. तिथे तेव्हा सिबेलियस अकादमीची शाखा होती. सिबेलियस अकादमी ही त्या देशातली संगीताची सगळ्यात मोठी संस्था. पुढे ती जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहराच्या संगीत महाविद्यालयात गेली आणि तिथे गायनाचं शिक्षण घेतलं. थोडक्यात, ही बाई वर्षानुवर्षं शिकत होती. ‘देवाने गळा दिलाय’ एवढ्यावर ती थांबली नाही.

आता ऑपेरा म्हणजे काय ते सांगते. आपल्याकडे संगीत नाटक होतं ना, ‘सौभद्र’सारखं? पात्रं मध्येच बोलायची, मध्येच पद म्हणायची. ऑपेरा हा त्याचा लांबचा भाऊबंद समजा. फक्त तिथे बहुतेक सगळी गोष्टच गाण्यातून चालते. भांडणसुद्धा गाऊन, मरणसुद्धा गाऊन. सुमारे ४०० वर्षांपूर्वी इटलीत ही कला सुरू झाली आणि मग सगळ्या युरोपभर पसरली.

या कलेत गाणाऱ्याची परीक्षा कशात असते? ऑपेरात माईक नसतो. समोर दोन-दोन हजार माणसं बसलेली, आणि गाणारा व प्रेक्षक यांच्या मध्ये साठ-सत्तर वाद्यांचा ताफा. त्या सगळ्या वाद्यांच्या वर आवाज जायला हवा, शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला शब्द ऐकू जायला हवा, आणि तरीही ते ओरडणं वाटता कामा नये. आपल्याकडे जुन्या संगीत नाटकांत माईक नव्हते, तेव्हा आपल्या नटांनाही हे करावं लागत होतं.

हे जमतं कसं? तुम्ही शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारता, तेव्हा हाक कुठून येते बघा. नुसत्या घशातून मारली तर दोन हाकांत घसा धरतो. मोर्च्यात घोषणा देऊन दुसऱ्या दिवशी आपला आवाज कसा बसतो, आठवा. पण ज्या बाईची हाक पोटातून येते, ती दिवसभर गुरं हाकलते तरी तिचा आवाज टिकतो. ऑपेराचं शिक्षण म्हणजे हेच, पण शास्त्रशुद्ध. श्वास खोल घ्यायचा, बरगड्या फुलवायच्या, पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंनी तो श्वास धरून हळूहळू सोडायचा. घसा मोकळा ठेवायचा. मग आवाज तोंडाच्या आणि घशाच्या पोकळीत घुमतो आणि त्याला धार येते. हे अंगवळणी पडायला वर्षं जातात. तार्याचा आवाज सोप्रानो जातीचा. म्हणजे बायकांच्या आवाजातला सगळ्यात वरच्या पट्टीत जाणारा.

आता दुसरी बाजू, मेटल. तुमच्या घरातली पोरं कानात यंत्र घालून जे धडाधड ऐकत असतात, त्यात कधीकधी हेही असतं. या संगीताची सुरुवात कारखान्यांच्या गावात झाली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम नावाचं शहर आहे. तिथे टोनी आयोमी नावाचा एक पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि गिटार वाजवायचा. १९६५ साली, कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. लोक म्हणाले, गिटार संपली. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, शिवताना आपण अंगुस्तान घालतो तशी, आणि पुन्हा वाजवायला बसला. पुढे दुखऱ्या बोटांना जड जाऊ नयेत म्हणून त्याने तारा सैल केल्या. तारा सैल केल्या की सूर खाली जातो, आवाज जड आणि खोल होतो. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० मध्ये आली. हेवी मेटलची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मोजतात.

या संगीतात गिटारचा आवाज मुद्दाम फाटलेला ठेवतात. लग्नात लाऊडस्पीकर फार मोठा केला की कसा फाटतो, तसा. पण इथे ते चुकून होत नाही, बेतून केलेलं असतं. ड्रम वाजवणारा दोन्ही हात आणि दोन्ही पाय चालवतो. गाणारे बहुतेक पुरुष असायचे आणि बरेचदा खरखरीत आवाजात, गर्जना केल्यासारखं गायचे.

मग ही चर्चमध्ये गाणारी, पियानोवर बसणारी, ऑपेराची विद्यार्थिनी इथे आली कशी?

१९९६ चा उन्हाळा. किते गावातला तुओमास होलोपाइनेन नावाचा मुलगा तळ्याकाठी मित्रांबरोबर शेकोटीला बसलेला असताना त्याच्या डोक्यात आलं की आपण शांत, शेकोटीभोवती म्हणता येतील अशी गाणी करायची. साधी गिटार, बासरी, पियानो आणि एका बाईचा आवाज. त्याने दोघांना बोलावलं. गिटार वाजवणारा एम्पू वुओरिनेन आणि गाणारी तार्या. तिघंही एकाच परिसरातले, तिघंही विशीच्या आतले. बँडचं नाव ठेवलं नाईटविश.

त्यांनी पहिली काही गाणी त्याच साध्या वाद्यांवर केली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हे जमत नाही. कारण काय? तार्याचा आवाज फार मोठा होता. रोज शिकून तो दिवसेंदिवस आणखी भरत चालला होता. त्या नाजूक वाद्यांवर तो आवाज म्हणजे झोपडीत हत्ती बांधल्यासारखं.

आता मैत्रिणींनो, इथे थांबा आणि विचार करा. असं झालं की आपल्याकडे काय करतात? त्या बाईला सांगतात, ‘बाई गं, जरा हळू.’ ‘एवढं मोठ्यानं बोलायचं नसतं.’ ‘चारचौघांत शोभत नाही.’ नाहीतर सरळ दुसरी, मवाळ आवाजाची शोधतात.

या तीन पोरांनी दुसरा मार्ग धरला. आवाज मोठा आहे ना, मग वाजवणं मोठं करू, असं त्यांनी ठरवलं. साधी गिटार बाजूला ठेवून विजेवरची गिटार आणली. युक्का नेवालाइनेन नावाचा ड्रम वाजवणारा घेतला. शेकोटीचं गाणं मेटल झालं, आणि त्या जड वाजवण्यावर तार्याचा ऑपेराचा आवाज स्वच्छ उभा राहिला. १९९७ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका आली.

असं करणारे ते पहिलेच होते असं मी म्हणणार नाही. त्याच सुमाराला नॉर्वे आणि स्वीडनमध्येही काही मेटल बँड बायकांचे तरल आवाज किंवा समूहगायन वापरत होते. पण ऑपेराच्या शिक्षणात तयार झालेला आवाज मेटलच्या अगदी मधोमध उभा करून हजारो लोकांपर्यंत नेणाऱ्यांत या बँडचं नाव आधी घेतात. त्यांच्यानंतर युरोपात कितीतरी बँड याच वाटेने गेले आणि शिकलेल्या गायिकांना तिथे जागा मिळाली.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या गोंगाटात तिचं शास्त्र बुडालं नाही का? नाही बुडालं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फाटलेल्या गिटारीचा आवाज खाली, जाड आणि दाट असतो. सोप्रानोचा आवाज वर, बारीक धारेचा असतो. दोघांची जागा वेगळी. पुरणपोळीवर तूप कसं वर तरंगतं, तसा तिचा आवाज वर राहतो. शिवाय मेटलमध्ये माईक असतो, त्यामुळे तिला वाद्यांशी जोर लावायची गरज नव्हती. पण दीड-दोन तास नाचत, उभं राहून, रोज नव्या गावात गायचं, तर श्वास धरायची तीच जुनी शिकवण कामाला येते. नुसत्या उमेदीवर गाणारीचा घसा अशा दौऱ्यात किती दिवस टिकेल?

आणि तिने एकासाठी दुसरं सोडलं नाही. बँड चालू असतानाच ती जर्मनीत शिकत होती. २००२ मध्ये तर ती शास्त्रीय गाणाऱ्या मैत्रिणींबरोबर दक्षिण अमेरिकेत, चिली आणि अर्जेंटिनात, पियानोच्या साथीवर शास्त्रीय गाणी गाऊन आली. त्याच वर्षी बँडची नवी ध्वनिमुद्रिकाही आली. दोन चुली सांभाळणं आपल्याला नवं नाही, त्यामुळे तिची ओढाताण काय झाली असेल ते आपल्याला बरोबर कळतं.

लोकांनी लगेच डोक्यावर घेतलं असंही नाही. २००० साली युरोपच्या मोठ्या गाण्याच्या स्पर्धेसाठी फिनलंडची निवड चालू होती. त्या स्पर्धेला युरोव्हिजन म्हणतात. नाईटविशने भाग घेतला. लोकांच्या मतांत ते पहिले आले, पण परीक्षकांच्या मतांमुळे मागे पडले आणि त्यांना जाता आलं नाही. गंमत बघा, सहा वर्षांनी, २००६ मध्ये, फिनलंडने ती स्पर्धा आयुष्यात पहिल्यांदा जिंकली, ती दुसऱ्या एका मेटल बँडच्या जोरावर. लोक पुढे गेलेले असतात, खुर्चीवरची माणसं मागून येतात, हे आपण ग्रामपंचायतीतही पाहतो.

२००४ पर्यंत नाईटविशचं नाव देशाबाहेर गाजू लागलं होतं. त्या वर्षीची त्यांची ‘वन्स’ ही ध्वनिमुद्रिका फिनलंडमध्ये आणि जर्मनीत विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेली. मग दौरे, कार्यक्रम, पैसा, वर्तमानपत्रं. आणि त्याबरोबर कुरबुरी. तार्याचं लग्न झालं होतं. नवरा अर्जेंटिनाचा आणि संगीताच्या धंद्यातलाच. कामं किती घ्यायची, कुठे जायचं, कोण कोणाच्या वतीने बोलणार, यावरून आतल्या आत ताण वाढत गेला.

२१ ऑक्टोबर २००५. हेलसिंकी या राजधानीच्या शहरात दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम. हजारो लोक. कार्यक्रम रंगला. आणि तो संपल्यावर बाकीच्या चौघांनी तार्याच्या हातात एक पत्र दिलं. आता आपण एकत्र काम करू शकत नाही, तू बँडमध्ये नाहीस, असं त्यात होतं. वरून ते पत्र त्यांनी जाहीरही केलं. तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावर त्यात ठपका ठेवलेला होता. सगळ्या जगाने ते वाचलं. तार्यानेही मग जाहीर उत्तर दिलं. आपल्याला किती लागलं, हे तिने सांगितलं.

कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा मी करणार नाही. भांडणाला दोन बाजू असतात आणि आपण त्या खोलीत नव्हतो. पण ज्या रीतीने ते झालं, त्याबद्दल आपण बोलू शकतो. नऊ वर्षं बरोबर काढलेल्या बाईला समोर बसवून तोंडावर सांगायच्या गोष्टी कागदावर लिहून, चारचौघांत वाचायला ठेवल्या. पुढे दोन्हीकडच्या माणसांना यातून सावरायला फार वर्षं लागली.

मग तिच्याजवळ काय उरलं? बँडचं नाव तिकडेच राहिलं. गाणी बहुतेक तुओमासने लिहिलेली होती, ती त्याची. वाजवणारे गेले. पण आवाज तिच्याबरोबर आला. लहानपणापासून केलेला रियाज कोणाला पत्र लिहून काढून घेता येत नाही. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, तिने नाताळच्या गाण्यांची स्वतःची ध्वनिमुद्रिका काढली. २००७ मध्ये मेटल आणि शास्त्रीय संगीत एकत्र करणारी ध्वनिमुद्रिका स्वतःच्या नावाने काढली. जे काम आधी दुसरा करत होता, म्हणजे गाणी रचणं, माणसं जमवणं, ते ती आता शिकली. २०१२ मध्ये तिला मुलगी झाली. बाळाला घेऊन गाणं चालू राहिलं. २०१५ मध्ये तिने ‘आवे मारिया’ या एकाच प्रार्थनेच्या, वेगवेगळ्या संगीतकारांनी दिलेल्या चाली शास्त्रीय पद्धतीने गाऊन ध्वनिमुद्रित केल्या. म्हणजे जुनं घरही तिने सोडलं नाही.

तिकडे बँडही बुडाला नाही. त्यांनी दुसरी गायिका घेतली, पुढे तिसरी आली. दोघींनी तार्याची नक्कल केली नाही, आपापल्या आवाजात गायल्या. आणि आणखी एक सांगण्यासारखं. त्या पत्रावर सही करणाऱ्या चौघांपैकी मार्को हिएताला हा पुढे स्वतः बँडमधून बाहेर पडला. त्याने आणि तार्याने पुढे बरोबर गायलं आणि एकत्र दौरेही केले. मधे बरीच वर्षं गेली.

तर मैत्रिणींनो, आता आपल्या अंगणात येऊ.

आमच्या एका गटात एक ताई आहेत. नाव सांगत नाही. म्हशी राखून राखून आवाज असा झालाय की घरात बोलल्या तरी गल्लीत कळतं. सुरुवातीला बैठकीत सगळ्या त्यांना गप्प करायच्या. मग एकदा पाण्याच्या प्रश्नावर ग्रामसभा झाली. माईक चालेना. आम्ही पाच-सहा जणी बोलायला उभ्या राहिलो, पण पुढच्या चार माणसांपलीकडे कोणाला ऐकू जाईना. मागून हसण्याचे आवाज. तेव्हा या ताई उठल्या. अर्ज माझ्या हातात होता, मी एकेक ओळ हळू सांगत गेले आणि त्यांनी ती मोठ्याने सभेला सांगितली. पार चावडीबाहेर उभ्या असलेल्या माणसांपर्यंत गेलं. सभेच्या इतिवृत्तात आमची मागणी लिहिली गेली. तेव्हापासून गटाने ठरवलं की सभेत गटाच्या वतीने त्याच बोलणार, आणि मुद्दे काढून द्यायचं काम ज्यांना लिहिता येतं त्यांनी करायचं. बैठकीत त्यांचा आवाज अजूनही मोठाच आहे. अजूनही कोणीतरी वैतागते. पण ‘हळू बोला’ असं आता कोणी म्हणत नाही, तर त्यांना दाराजवळ बसवतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे. तुमच्या गटात जिला जे जास्त आहे, ते कापून सगळ्यांच्या बरोबरीला आणू नका. एखादीचा आवाज मोठा, एखादीचा हिशोब पक्का, एखादीच्या पापडाला गिऱ्हाईक रांग लावतं. गटाचं काम तिच्या मापाने वाढवता येतं का, ते आधी पाहा.

दुसरं सांगणं शिकण्याबद्दल. प्रशिक्षणाला नाव द्यायची वेळ आली की आपण म्हणतो, ‘माझ्या ऐवजी हिला पाठवा, मला घरी काम आहे.’ शिवण असो, मशीन दुरुस्ती असो, मोबाईलवरचे व्यवहार असोत, जे हाताला आणि डोक्याला बसतं ते तुमचं राहतं. गट मोडला, नवऱ्याची बदली झाली, माहेरी परतावं लागलं, तरी ते बरोबर येतं. मशीन गटाचं असतं, शिवणं तुमचं असतं. पोरींच्या बाबतीतही हेच धरा. पोरीने तबला शिकायचं म्हटलं, गाणं शिकायचं म्हटलं, तर ‘त्याचा उपयोग काय’ हे विचारायची घाई करू नका. ऑपेरा शिकणाऱ्या त्या मुलीला तरी कुठे माहीत होतं की तो आवाज पुढे कुठे लागणार आहे?

तिसरं, आणि हे पदाधिकाऱ्यांनी नीट ऐका. गट सुरू होतो तेव्हा सगळं गोड असतं. तेव्हाच नियम लिहून ठेवा. एखादी बाहेर पडली तर तिची बचत किती दिवसांत परत द्यायची, तिच्यावरचं कर्ज कसं फेडून घ्यायचं, गटाचं नाव आणि शिक्का कोणाकडे राहणार, तिने शिकवलेला माल ती स्वतंत्रपणे विकू शकते की नाही. हे भांडण पेटल्यावर ठरत नाही. आणि तक्रार असेल तर ती बैठकीत, तिच्या समोर, तिला बोलायची संधी देऊन मांडा. इतिवृत्तात दोघींचं म्हणणं लिहा. व्हॉट्सॲपवर गटाच्या बाईबद्दल लांबलचक मजकूर टाकू नका. तो एका रात्रीत चार गावांत जातो आणि परत घेता येत नाही. त्या पोरांचं पत्र गेलं तसा.

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली, सह्या झाल्या की दहा मिनिटं काढा आणि दोन प्रश्नांवर बोला. आपल्या गटात कोणाला आपण आजवर ‘हळू’ म्हणत आलोय? आणि उद्या कोणी बाहेर पडली तर तिला काय द्यायचं आणि काय इथेच राहणार, हे आपल्या नियमात लिहिलेलं आहे का? काय ठरलं ते आपल्या रेडिओ केंद्राला कळवा. पुढच्या वेळी मी ते वाचून दाखवेन.

आणि तार्याचं गाणं ऐकायचं असेल तर घरातल्या पोरा-पोरींना सांगा. नाईटविश हे नाव मोबाईलवर घातलं की लगेच सापडतं. आधी कान बंद करावेसे वाटतील, हे आत्ताच सांगून ठेवते. पण दोन मिनिटं थांबा. गिटारी आणि ड्रमचा तो धडाका सुरू असताना त्याच्या वरून एका बाईचा आवाज येईल. पोरांनाच विचारा, हा आवाज कसा तयार होतो माहीत आहे का? आणि मग श्वासाचं, पोटातून येणाऱ्या हाकेचं तुम्हीच त्यांना सांगा.

पुढच्या वेळी नेहमीसारखं कर्जाच्या नोंदवहीवर बोलू. तोवर नमस्कार.